धाकट्याची गुरुवारची तपासणी

बेलसरे सर कुठलंही यंत्र न सांगता बंद करत नाहीत. मिक्सर असो, टेबलफॅन असो, नाहीतर शेजाऱ्यांचा टीव्ही असो, बटणाकडे हात नेण्याआधी ते त्याला सांगतात, "चाल बावा, आता बंद करून राहिलो." मग दोन श्वास थांबतात. मग बटण. कुणी हसलं तर त्यांना राग येत नाही. एवढंच म्हणतात, "तू जेवून राहिली अन् कोनी ताट ओढलं, त चालते काय तुले?"

राग येतो तो लाईट गेल्यावर. उन्हाळ्यात आमच्या राजापेठेत भर दुपारी लाईट जाते, सगळे पंख्याच्या नावानं उसासे टाकतात आणि सर बाहेर गच्चीत जाऊन विजेच्या खांबाकडे बघत राहतात. "सांगून जायाले काय होते थ्याईले?" पंखा थांबल्याचं त्यांना फारसं वाटत नाही. रीत मोडल्याचं वाटतं.

मी त्यांची विद्यार्थिनी. अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ते इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये होते. हुद्दा लॅब असिस्टंटचा. वर्गात शिकवणारे वेगळे होते, त्यांची नावं आता आठवत नाहीत. मनापासून 'सर' आम्ही यांनाच म्हणायचो. लॅबच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात त्यांनी खडूनं एक वाक्य लिहून ठेवलं होतं: आंदी इचार, मंग उपट. म्हणजे कुठलीही वायर काढण्याआधी विचारायचं. परीक्षेच्या दिवसांत कुणीतरी शब्द उलटेपालटे करून 'आंदी उपट, मंग इचार' करून ठेवायचं. सर न बोलता पुसून पुन्हा बरोबर लिहायचे. बत्तीस वर्षांत हे किती वेळा झालं असेल याची मोजदाद नाही.

ही सवय कुठून आली असं मी एकदा विचारलं होतं. सरांचं मूळ गाव पातूरजवळ. घरची भाजीपाल्याची शेती. वडील वांगी, मेथी, झेंडू अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायचे. "माहा बाप वांगं तोडायच्या आंदी झाडाले हात लावे," सर म्हणाले. "मी इचारलं, काहून? त म्हने, त्याले समजू दे ना बावा." एवढंच. पुढे त्यांनी तोंडात बडीशेप टाकली आणि विषय संपला.

पुण्यात अकरा वर्षं नोकरी करून मी अमरावतीला परतले आणि राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या दोन खोल्यांत छोटं वर्कशॉप काढलं. यंत्रांचे कंट्रोलर बनवायचे, एवढाच बेत. खालून दिवसभर पोरांचं त्रिकोणमिती पाठ करणं ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी सर जिना चढून आले. निवृत्त होऊन त्यांना चार महिने झाले होते. हातात स्वतःची सोल्डरिंग गन, काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेला मीटर.

"मीनल, मले एक टेबल दे. खिडकीपाशी नको, वारा लागते."

मी टेबल दिलं. तेव्हापासून ते त्यांचंच आहे.

आमचं पहिलं मोठं काम मोर्शीचं. तिथल्या संत्रा बागायतदारांनी गट करून एक शेड उभारली होती. शेडमध्ये संत्री निवडायचा लांबलचक पट्टा. फळं पट्ट्यावरून धावतात, वरून कॅमेरा बघतो, आणि बाजूच्या झडपा उघडून लहान, मध्यम, मोठं असं प्रत्येक फळ आपापल्या कॅरेटमध्ये ढकलतात. हे सगळं सांभाळायला वहीएवढा एक बोर्ड. त्या बोर्डावर दोन प्रोसेसर. एक मोठा, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. कॅमेऱ्याचं चित्र बघणं, फळ केवढं ते ठरवणं, पडद्यावर आकडे दाखवणं, ही त्याची कामं. दुसरा छोटासा. त्याला एकच काम, ठरल्या क्षणी ठरलेली झडप उघडणं. पण ते वेळेवर, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

सरांनी पहिल्याच दिवशी बारसं उरकलं. मोठा तो थोरला, छोटा तो धाकटा.

धाकट्याची गंमत अशी की तो आपणहून जागा होत नाही. बोर्ड सुरू झाला की थोरल्यानं त्याचा प्रोग्राम त्याच्या मेमरीत नेऊन ठेवायचा, मग त्याला सोडायचं, आणि नंतर दिवसभर त्याची चौकशी करत राहायचं. हे करणारा जो प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. बहुतेक लोक असा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसवतात. सरांनी तो बाहेर ठेवला. साध्या प्रोग्रामसारखा, युजर-स्पेसमध्ये. धाकट्याच्या मेमरीचा तुकडा तेवढा मागून घ्यायचा आणि बाहेर बसूनच कारभार करायचा.

ड्रायव्हर धाकट्याला थांबवायचा तेव्हासुद्धा आधी निरोप जायचा, 'आवरून घे'. धाकटा सगळ्या झडपा मिटायचा, 'आवरलं' म्हणून कळवायचा, मगच त्याला थांबवायचं. मला त्यात नवल वाटलं नाही.

कॅमेरा पुण्याच्या एका कंपनीचा होता. त्यांचा इंजिनिअर चिन्मय जोडणीसाठी आमच्याकडे आला. हुशार मुलगा, बोलायला गोड, आणि सरांचा ड्रायव्हर बघून अस्वस्थ झालेला.

"सर, हे खरं तर कर्नलमध्ये हवं. तीच प्रमाण पद्धत आहे."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "चिन्मयभाऊ, तुमच्या घरी गॅसची शेगडी दुरुस्त कराले मानूस आला, त त्याले कुठीसा बसवता?"

"किचनमध्ये."

"देवघरात त नाही बसवत ना? कर्नल म्हनजे देवघर. तिथं माह्यासारख्यानं एक चूक केली, त आख्खं घर बंद पडते. हा ओसरीवर बसून काम करून राहिला. ठेच लागली त हा एकटा पडन. घर उभं राह्यते."

"पण बाहेरच्या प्रोग्रामला वेळेची खात्री नसते, सर. लिनक्स कामात असलं तर त्याला उशिरा जाग येऊ शकते."

"वेळेचं काम धाकट्याकडे आहे ना. हा फक्त त्याची तब्येत इचारते."

चिन्मय माझ्याकडे बघू लागला. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत सरांनी पट्ट्याचा नमुना चालू केला, त्यावर टेबल टेनिसचे बॉल सोडले आणि बॉल धावत असताना स्वतःचा ड्रायव्हर बंद पाडला. मुद्दाम. झडपा उघडत-मिटत राहिल्या, पडद्यावरचं चित्र हललं नाही. सरांनी ड्रायव्हर पुन्हा सुरू केला, त्यानं धाकट्याची विचारपूस केली, काम चालू आहे बघून त्याला न उठवता पुढे सांभाळायला घेतलं. एकही बॉल चुकला नाही.

चिन्मयनं मान डोलावली. नंतर त्याची नजर पडद्याच्या खालच्या पट्टीवर गेली. ड्रायव्हर काय करतोय त्याची नोंद तिथे येत होती.

'धाकटा उठला. काम करून राहिला.'

"सर, हे संदेश इंग्रजीत हवेत ना?"

"काहून? वाचनार कोन आहे?"

वाचणार होत्या कुसुमताई. शेडमध्ये पट्ट्यावर पंधरा बायका काम करायच्या, आणि पडद्यासमोर बसणं कुसुमताईंकडे होतं. वय पन्नाशीचं, शिक्षण सातवीपर्यंत, आवाज पट्ट्याच्या आवाजावरून जाणारा. सरांना त्या मास्तर म्हणायच्या. सरांनी त्यांना विचारून विचारून ते संदेश लिहिले होते. 'हार्टबीट टाइमआउट' म्हटलं तर काय समजतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "समजते ना, मास्तर. की तुमाले फोन करा लागते." तेव्हा ते बदलून 'धाकटा बोलून नाही राहिला, पाहतो' असं झालं. मशीन अडकलं असं सर कधीच म्हणत नाहीत. रुसलं म्हणतात.

बोर्ड मोर्शीला न्यायचा दिवस उजाडला तेव्हा मी म्हटलं, गाडीनं जाऊ. सर म्हणाले, गाडीत मागं ठेवशीन, हादरे बसतीन. आम्ही एसटीनं गेलो. बोर्ड सरांच्या मांडीवर, दुपट्ट्यात गुंडाळलेला, बॅटरीवर चालू. धाकटा जागा असल्याचा एक हिरवा दिवा त्यावर लुकलुकतो. सर दर पाच मिनिटांनी दुपट्ट्याचं टोक उचलून आत बघायचे. शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी बराच वेळ बघितलं आणि काळजीनं विचारलं, "ताप आहे काय लेकराले?"

"होता, बाई," सर गंभीरपणे म्हणाले. "आता उतरला. खेळून राहिला."

आजींनी पिशवीतून एक संत्रं काढून दिलं. 'त्याले नको, सर्दी होईन' म्हणून सरांनी ते स्वतः खाल्लं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

दिवाळीच्या सुमारास उतरणारा आंबिया बहार पहिल्या हंगामात जोरात होता. पहिले काही दिवस मशीन छान चाललं. मग दुपारी तीनच्या सुमाराला, बागांतून माल एकदम यायला लागला की, अचानक झडपा मिटायच्या. पडद्यावर संदेश यायचा, 'धाकट्याले परत उठवलं.' पाच-सात सेकंदांत काम पुन्हा सुरू. पण तेवढ्या वेळात पट्ट्यावरून गेलेली फळं सगळी एकाच कॅरेटमध्ये, लहान-मोठी एकत्र. बायकांना ती पुन्हा हातानं निवडावी लागायची. दिवसाला वीस वेळा हे झाल्यावर गटाचे सचिव दिलीपभाऊ मला फोनवर म्हणाले, "ताई, हाताचं काम कमी कराले मशीन आनली होती. आता हातानंबी करून राहिलो अन् मशीननंबी."

त्यांचं चूक नव्हतं. व्यापारी दारात उभे होते आणि झाडावरून उतरलेलं फळ थांबत नाही. हंगाम असाच गेला असता तर गटानं मशीन उचलून बाहेर ठेवलं असतं आणि आमचं वर्कशॉप तिथंच संपलं असतं.

सर मोर्शीला जाऊन बसले. सलग तीन दिवस सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी परतायचे. शंभर पानी वही, वर शाळकरी चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर 'विषय: धाकटा'. पहिले दोन दिवस त्यांचा संशय धाकट्यावर होता. त्याचा वीजपुरवठा तपासला, त्याच्या प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे होते. सर पडद्याकडे बघत होते आणि एकदम त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

"मीनल, थो बिचारा बरोबर आहे. मी चुकलो."

झालं होतं असं. ड्रायव्हर धाकट्याला दर थोड्या वेळानं विचारायचा, 'आहेस ना?' धाकटा लगेच उत्तर लिहून दोघांच्या मधल्या मेमरीत ठेवायचा. ती त्यांची टपालपेटी. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर त्याला गेला समजून परत उठवायचा. दुपारी माल वाढला की कॅमेऱ्याचं काम वाढायचं, थोरला त्यात गुंतायचा आणि ड्रायव्हरलाच उशिरा जाग यायची. जागा झाला की तो आधी घड्याळ बघायचा. वेळ टळलेली. मग पेटी न उघडताच निकाल. उत्तर पेटीत केव्हाचं येऊन पडलेलं असायचं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. आधी पेटी, मग घड्याळ. सरांनी ती केली, ड्रायव्हर पुन्हा सुरू केला आणि बोर्डाच्या डब्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "माफ कर बावा. तू सांगून राहिला होता." कुसुमताई शेजारीच होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पट्ट्यावर माल सोडायची खूण केली.

त्या दुपारी धाकट्याला एकदाही परत उठवावं लागलं नाही.

परत येताना बसस्टँडवरून सरांनी चिन्मयला फोन लावला. सर फोन नेहमी स्पीकरवर ठेवूनच बोलतात, कानाला लावला की कान गरम होतो म्हणतात. "चिन्मयभाऊ, तुमी म्हनले होते ना, याले उशिरा जाग येईन? थे खरं निघालं. सांगाले फोन केला." मग चिन्मय म्हणाला, "सर, मला असं सांगायला आजवर कुणी फोन केला नव्हता."

पुढचा हंगाम आला तोवर शेडला त्या मशीनची सवय झाली होती. आणि मग एके दिवशी दिलीपभाऊंचा पुन्हा फोन.

"ताई, मशीन भल्ली चालून राहिली. तक्रार नाही. फक्त दर गुरुवारी साडेअकरा वाजता थांबते."

"दर गुरुवारी?"

"हो ना. पडद्यावर येते, 'धाकट्याची गुरुवारची तपासणी बाकी आहे. सरायले बोलवा.' पन बोलवाच लागत नाही. दहा मिनिटांत सर दारात उभे. मले हेच नाही समजून राहिलं. अमरावतीहून मोर्शी दहा मिनिटांत कसे येते?"

मलाही समजेना. गुरुवारी सर वर्कशॉपला येत नाहीत हे मला ठाऊक होतं. बँकेचं काम, दाताचा डॉक्टर, असं काहीतरी सांगायचे. दर आठवड्याला दात कुणाचे दुखतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सर घरी गेल्यावर मी ड्रायव्हरचा प्रोग्राम उघडला. साधा बाहेरचा प्रोग्राम, कुलूप नाही, काही नाही. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वार गुरुवार, वेळ साडेअकरा झाली की धाकट्याला 'आवरून घे' असा निरोप. झडपा बंद. पडद्यावर तो संदेश, खाली बारीक अक्षरात 'कोनतंही बटन दाबा'. मग कुठलंही एक बटण दाबेपर्यंत वाट बघणं. बटण दाबलं की 'तपासणी झाली' आणि काम सुरू. मधे तपासणी कसलीच नव्हती. एकही गोष्ट मोजली जात नव्हती. वरती सरांची टीप होती: 'कारण नंतर लिहू.'

मला आधी हसू आलं, मग राग आला. भर हंगामात दुसऱ्याचं चालतं मशीन विनाकारण थांबवायचं, हे इतर कुणी केलं असतं तर मी त्याला वर्कशॉपच्या पायऱ्या उतरायला लावल्या असत्या. आणि हे सरांनी करावं?

पुढच्या गुरुवारी मी कुणाला न सांगता मोर्शीला गेले आणि शेडच्या मागच्या बाजूला, कॅरेटच्या थप्प्यांआड उभी राहिले. साडेअकराला पट्टा थांबला. बायका घाईनं काही करत नव्हत्या. कुणी पट्टा पुसत होतं, कुणी डबे काढून ओळीनं मांडत होतं. दिलीपभाऊ म्हणाले तसं दहाच मिनिटांत सर आले. बसस्टँडवर आधीच येऊन बसले असणार. धुतलेला पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, डोकं आत घातलं, 'हं' म्हणाले, वहीत काहीतरी लिहिलं आणि एक बटण दाबलं.

"बरा आहे," त्यांनी कुसुमताईंना सांगितलं.

"बरं झालं तुमी आले, मास्तर," कुसुमताई म्हणाल्या. "बसा आता. जेवनाची वेळच झाली."

मग सर एका उपड्या कॅरेटवर बसले. बायकांनी गोल केला. ताट आधीच वाढलेलं होतं. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा, कुणाच्या तरी डब्यातली आलू-वांग्याची भाजी. कुणाच्या सुनेची नोकरी, कुणाच्या विहिरीचं पाणी, एकीचा मोबाइल चार्ज होत नव्हता, तो सरांनी जेवता जेवता उघडला. वर्कशॉपमध्ये दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा हा माणूस तिथे बोलत होता, हसत होता, भाकर मागून घेत होता.

मी थप्पीआडून बाहेर आले तेव्हा त्यांनी मला पाहिलं. हातातला घास त्यांनी खाली ठेवला नाही, पण तोंडातही घातला नाही. कुसुमताईंनी माझ्यासाठी एक कॅरेट उपडं केलं.

परतीच्या एसटीत अर्धी वाट सरली. मग सरच म्हणाले, "प्रोग्राम वाचला तू."

"हो."

"लॅबमध्ये आमी अकरा जन जेवाले बसो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "शिपाई, क्लार्क, वर्कशॉपचे दोघं. मोठ्या टेबलावर पेपर टाकून. बत्तीस वर्षं. मी डबा एकट्यानं कदी खाल्लाच नाही, मीनल. माही बायको, तुही मावशी, आता नाशिकले पोरीपाशी राह्यते, नातीसाठी. थे बरोबरच आहे, तिची गरज तिकडं आहे. मी गेलतो एकदा, पंधरा दिवस. तिथं जावई माह्या हातातला टेस्टर काढून घेते, म्हने बाबा, तुमी आराम करा."

"सर, मला सांगायचं ना. मी रोज दुपारी टेबलावर सँडविच खाते."

"तू कॉम्प्युटरकडं पाहून खाते," सर म्हणाले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "उद्या काढून टाकतो. चूक आहे थे. लोकायची मशीन आहे."

मी म्हटलं, राहू दे. दिलीपभाऊंना मी काहीतरी सांगेन. सरांनी मान हलवली. "धाकट्यावर खोटा आळ आला ना याच्यात. त्याले काईच झालं नाही, अन् दर गुरुवारी म्हनतो तपासनी बाकी."

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी तो भाग काढला. नवा प्रोग्राम इंटरनेटवरून मोर्शीला पाठवला, सुरू झाल्याची खात्री केली आणि वहीत तारीख घालून लिहिलं, 'गुरुवारची तपासणी रद्द.' मग दिवसभर दुसऱ्या एका बोर्डावर काम करत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे काही नव्हतं. चुकीचं वाक्य पुसून बरोबर लिहायची त्यांना सवय होती.

पुढच्या गुरुवारी सर वर्कशॉपला आले. हातात स्टीलचा डबा. तो त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि सोल्डरिंगला बसले. खाली क्लासमध्ये पोरं साइन थीटा, कॉस थीटा म्हणत होती. मीही त्या दिवशी डबा आणला होता आणि कॉम्प्युटर बंद करून त्यांच्याबरोबर जेवायचं ठरवलं होतं. पण ते बोलायचं कसं हे सुचत नव्हतं.

बाराला दहा मिनिटं कमी असताना सरांचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"मास्तर, कुसुम बोलून राहिली. काहून नाई आले?"

"मशीन थांबली काय?"

"नाई. मस्त चालून राहिली."

"मंग ठीक आहे. आता थे तपासनी लागत नाही, कुसुमबाई. काढून टाकली."

"थे दिसलं साडेअकराले. पन तुमी काहून नाई आले?"

सर गनची तार नीट करत राहिले. "मशीनले काई झालं नाही, त येऊन काय करू?"

पलीकडे पट्ट्याची घरघर ऐकू येत होती. कुसुमताई बहुतेक थोड्या बाजूला गेल्या, कारण आवाज कमी झाला.

"मास्तर, थे बटन दाबलं की मशीन सुरू होते, हे आमाले मागच्या दिवाळीपासून माहीत आहे. लिहिलंच होतं ना तिथं, कोनतंही बटन दाबा. मले वाचता येते. आमी कोनीच दाबलं नाई. इतल्या बाया आहे इथीसा, एकीनंबी नाई."

सरांनी गन बाजूला ठेवली.

"आज बेसनाची पातोडी केली शांतानं," कुसुमताई म्हणाल्या. "आमी थांबतो जेवाले. लवकर येजा."

फोन बंद झाला. सरांनी गनला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, दोन श्वास थांबले आणि बटण बंद केलं. मग उठून दुपट्टा खांद्यावर टाकला.

"मीनल, बाराची मोर्शी भेटन काय?"

"मी स्कूटरनं सोडते स्टँडवर."

"नको, ऑटो भेटते चौकात." दारापर्यंत जाऊन ते परत वळले आणि कोपऱ्यावरचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "हे खाऊन घेजो. उतरन नाहीतर."

ते जिना उतरून गेल्यावर मी डबा उघडला. आत दोन पोळ्या होत्या, त्यांच्या हातच्या, कडा जाडसर राहिलेल्या, आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड.